शेपटीला लाल रंग

सीवूड्सच्या आमच्या तळघरात अकरा गाड्या झाकलेल्या.
मालक लांब. चाव्या माझ्याकडं, बिस्किटांच्या डब्यात,
प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेला फ्लॅटचा नंबर.
रविवारी एकेकीची चादर काढायची,
दहा मिनिटं इंजिन चालवायचं, पुन्हा झाकायचं.
गाडीमागं दोनशे वेगळे;
कुणाचे वेळेवर येतात, कुणाचे दिवाळीला.

नऊशे तीनची राखाडी सुरू केली
आणि एसीतून असा वास आला
की दार उघडंच टाकून रॅम्पवर जाऊन उभा राहिलो.

बेलापूरहून इस्रार आला. बॉनेट उचललं,
फिल्टरचा डबा उघडला, म्हणाला,
"बघा काका, वन बीएचके."
उशीतला कापूस, टोलच्या पावत्यांचा चुरा,
दसऱ्याच्या हाराचा दोरा,
आणि माझ्या हजेरीबुकातलं एक पान
(जून, रात्रपाळी, सही अर्धी खाल्लेली).
मधोमध पाच पिल्लं,
ओल्या भुईमुगाच्या दाण्यांएवढी, तशीच गुलाबी.

इस्रारनं खोक्यात घालून घरटं खांबाशी ठेवलं.
सकाळी खोकं रिकामं. आईनं सामान हलवलं होतं.
वायरींचं तांबं उघडं पडलेलं, साडेअकरा हजार.
आकडा मी कागदावर लिहून घेतला,
फोनवर तोंडातून निघायचा नाही म्हणून.

कर्णिक साहेब टोरांटोहून, रात्री अडीचला:
"औषध टाका, विषय संपवा."
शेजारच्या गाडीच्या दोशीबाई:
"मारायचं नाही हं भाऊ, माझ्या गाडीखाली तर नाहीच."
सेक्रेटरी वाकणकर: "चिकटपट्टी."

चिकटपट्टी लावली एक रात्र.
पाल अडकली.
पहाटेपर्यंत गोडेतेल लावून एकेक बोट सोडवत बसलो.
त्यानंतर चिकटपट्टी नाही.
डांबरगोळ्या ठेवल्या, तंबाखू ठेवली;
तंबाखू संपली, ती मात्र माझ्याच हातून.

मग पिंजरा. आत भाकरीचा तुकडा, वर सुक्या बोंबलाचं शेपूट.
सापडली. आगीच्या बादल्यांचा लाल रंग उरला होता,
काडीनं तिच्या शेपटीला लावला,
सायकलवर पिंजरा बांधून पाम बीच रोड ओलांडला,
खारफुटीत सोडली. चिखलात गेली. मागं बघितलं नाही.

तिसऱ्या रात्री पिंजऱ्यात लाल शेपूट.

सहा पदरी रस्ता, रात्रीचे डंपर,
गेटवर माझ्या खुर्चीखालून, माझ्या देखत
ही बया नोंद न करता आत आली.
पुढच्या खेपेला पार करावे गावाच्या पलीकडं सोडली.
पाचव्या दिवशी हजर.
मला गावाहून इथं यायला आठ तास लागले होते.
परत जायला तीन वर्षं झाली, अजून जमलेलं नाही.

दिवाळीआधी कर्णिकांनी गाडी विकली.
घ्यायला पोरगा आला, पायात नवे बूट, खिशात पेढे.
"कुठले तुम्ही?"
"कोरेगाव. साताऱ्याचं."
माझं गाव तिथनं दोन फाटे पुढं.
कुठल्या फाट्यावर चहा चांगला ते आम्ही बोललो.
वायरींचं सांगितलं, बिल दाखवलं,
एसी जरा वास मारतो म्हणालो.
चादर ओढली तेव्हा पुढच्या चाकावर
काहीतरी लाल हललं आणि आत गेलं.
पोरगा आरशात भांग बघत होता.
तोंड उघडलं होतं मी.
त्यानं हातावर पेढा ठेवला, तो तोंडात टाकला.

गाडी रॅम्प चढून गेली.
नऊशे तीनच्या जागेवर आता तेलाचा डाग,
बाजूला चार काळ्या लेंड्या. झाडल्या नाहीत अजून.
तिकडं भुईमूग निघाला असंल.

पिंजरा रोज लावतो.
दोशीबाईंच्या गाडीचं आज झाकण उघडून बघायचंय.